तीन फळ्या उलट्या

४ फेब्रुवारी

खुंटे,

'प्रिय' लिहायचं की 'सप्रेम', यात एक कागद वाया गेला, म्हणून दोन्ही गाळून नुसती हाक मारते आहे. या नावाला तू पूर्वी ओ देत होतीस. बाबांनी ठेवलेलं नाव. खुंटीवर काहीही टांगा, ती हूं म्हणत नाही की चूं म्हणत नाही. माझं नाव तू ठेवलंस, भोंगा. तू गेल्यापासून त्या नावानं मला कोणी हाक मारलेली नाही.

आज दुपारी दोन हमालांनी एक लांबलचक खोकं जिन्यावरून वर आणलं आणि मोठ्या खोलीत टाकलं. पाठवणाऱ्याच्या जागी तुझं अक्षर. मी सही केली, दार लावलं आणि बराच वेळ त्या खोक्याकडे बघत बसले. एखाद्या विरोधकानं सभेत अचानक उठून टाळ्या वाजवाव्यात तसं वाटलं. आनंद मानायचा की सावध व्हायचं?

उघडलं. आत आठ फळ्या. दोन उंच, माझ्या खांद्याला येतील अशा, आणि सहा आखूड. सगळ्या एका जुन्या निळ्या पट्ट्यांच्या चादरीत गुंडाळलेल्या. खिळा नाही, स्क्रू नाही, चिठ्ठी नाही. चिठ्ठी नसणार हे मला ठाऊकच होतं. तू बोलायला लागलीस तेव्हा आईनं शेजाऱ्यांना बोलावून ऐकवलं होतं, पुन्हा संधी मिळेल न मिळेल म्हणून.

एवढं मला कळतं की ही मांडणी आहे. पुस्तकांची असावी. माझी पुस्तकं अजून जमिनीवरच आहेत, हे तुला आठवत असेल. उंच फळ्यांना आडव्या खाचा आहेत, आतून रुंद आणि तोंडाशी अरुंद. आखूड फळ्यांच्या टोकांना तशाच शेपट्या. बाबा याला कबुतराची शेपटी म्हणायचे. ओढली तर कधी निघत नाही, कडेनं सरकवली तरच जाते. सुताराच्या पोटी जन्म घेऊन मी वाचनालयात नोकरी केली खरी, पण तेवढं डोळ्यांना दिसत होतं.

आणि मग मला ते वर्तुळ दिसलं. एका फळीवर, कडेपासून वीतभर आत, काळं, करपलेलं. बाबा गरम सरसाचं भांडं तिथं ठेवायचे.

बाबांचं कामाचं टेबल तू कापलंस.

बाबांनी तुला दिलेला सुतारकामाचा गाळा विकलास आणि ते टेबल न विचारता सोबत नेलंस, तेव्हा मी काही बोलले नाही. म्हणजे तुझ्याशी बोलले नाही. इतरांशी बरंच बोलले. पण कापलंस? ज्या लाकडावर दोन माणसांचं आयुष्य रंधलं गेलं त्याच्या फळ्या पाडल्यास?

तेव्हा मला एकच विचारायचं आहे आणि त्याचं सरळ उत्तर हवं आहे. हे तू मला दिलंस की परत केलंस? देणारा पुन्हा भेटायची सोय ठेवतो. परत करणारा हात झटकतो. तुझ्याशिवाय माझं रक्ताचं कोणी उरलेलं नाही आणि माझ्याशिवाय तुझं. त्यामुळे हा प्रश्न लाकडाचा नाही हे तुलाही कळत असेल. परत केलं असशील तर तसं सांग, हे माझं शेवटचं पत्र समजेन.

गैरसमज नको म्हणून सांगते, माझं मत आजही तेच आहे. गाळ्यांची ती अख्खी रांग पाडकामापासून वाचली असती. सतरा गाळेवाले एकत्र होते. विक्रीच्या कागदावर पहिली सही तुझी झाली आणि रांग उसवली. त्यावर मी सभेत तुझ्याविरुद्ध जे बोलले ते आजही शब्दन् शब्द बोलेन.

फोन करू नकोस. फोनवर माणूस अर्धा खोटा असतो. लिही.

भोंगा


११ फेब्रुवारी

खुंटे,

तुझं कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड, त्यावर दोन शब्द: 'ठोकू नकोस.'

मी विचारलं काय आणि तू सांगतेस काय! आणि मी ठोकते आहे हे तुला इतक्या लांबून कसं कळलं? बत्त्यानं ठोकत होते. आता थांबले आहे. दिलं की परत केलं, याबद्दल कार्डाच्या मागच्या बाजूलाही काही नव्हतं. मी उजेडात धरून पाहिलं.

तरीही काम पुढे सरकलं आहे, आणि ते कोणामुळे सरकलं हे ऐकशील तर हसशील. वरच्या मजल्यावरचा दलाल. होय, तोच, ज्यानं तुझा गाळा विकून दिला आणि ज्याला मी भर सभेत 'कोटातलं गिधाड' म्हटलं होतं. तो अजून तोच कोट घालतो. बत्त्याचे आवाज ऐकून खाली आला आणि दारातूनच म्हणाला, "ताई, कोणाला मारताय?"

मी त्याला उत्तर लिहून दाखवलं की तुमचा पाय या घराला लागायला नको. त्याचा चष्मा वर राहिला होता. त्यानं पाटी हातभर लांब धरली आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं: "तुमचा… पाय… या… घराला… बरं, लागायला नको. अक्षर मात्र मोत्यासारखं आहे हं." मग चपला बाहेर काढून आत आला. स्वतःचा अपमान इतक्या शांतपणे मोठ्यानं वाचणारा माणूस मी पाहिला नव्हता.

'पाटी' असं लिहून गेले. शाईनं लिहिलेलं खोडायची माझी पद्धत नाही, म्हणून सांगून टाकते. गेल्या पावसाळ्याच्या आधी माझ्या घशात गाठ निघाली. ती काढली, तिच्यासोबत आवाजही गेला. पूर्ण गेला. कुजबुजही होत नाही. बाकी मी ठणठणीत आहे, जेवते, जिना चढते, रोज वर्तमानपत्राशी भांडते. गळ्यात दगडी पाटी अडकवलेली असते आणि खिशात घंटी. घंटीचा शोध टेलरकाकांचा, खालच्या दुकानातले. कुणाला हाक मारायची तर वाजवते. शाळेच्या शिपायासारखं वाटतं, पण पोरं रस्त्यातून बाजूला होतात.

तुला कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पुढे जाऊ.

दलालानं एक उंच फळी भिंतीला उभी धरली, मी दुसरी. म्हणाला, "शिव्या नंतर लिहा ताई, आत्ता दोन्ही हातांनी धरा." हात गुंतले की मी मुकी होते हे त्यानं बरोबर हेरलं आहे. सगळ्यात खालची फळी, ती वर्तुळवाली, समोरून खाचेत लावली. ती इतकी सैल गेली की मला राग आला. म्हटलं, खुंटीचा हात बिघडला. बाबांच्या हाताखाली तयार झालेली पोरगी आणि ही खाच? पण आत जाईल तशी ती आवळत गेली, आणि शेवटची चार बोटं राहिली तेव्हा तळहातानं दाबावी लागली. मग 'टक्' असा एक आवाज आला आणि फळी बसली. हलवून पाहिली. भिंत हलेल, ती हलणार नाही.

खाच एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती ठेवली आहेस, हे मग मी बोट फिरवून पाहिलं. इतका वेळ मोकळं सोडून अगदी शेवटी धरायचं! भाषणात मला हे कधी जमलं नाही. मी पहिल्या वाक्यालाच गळा धरायची.

अशा तीन फळ्या बसल्या. खालून पहिली, तिसरी आणि पाचवी. उरलेल्या जात नाहीत. उद्या पुन्हा बघू.

माझ्या प्रश्नाचं उत्तर बाकी आहे. दिलं की परत केलं?

भोंगा


१९ फेब्रुवारी

खुंटे,

हे पत्र मी उभ्यानं लिहिते आहे. का ते वाचलंस की कळेल.

उरलेल्या तीन फळ्या उलट्या आहेत. दुसरी, चौथी आणि सहावी. त्यांच्या खाचांचं रुंद तोंड भिंतीकडे आणि निमुळतं तोंड माझ्याकडे. समोरून सरकवली की चार बोटं आत जाते आणि अडते. मी फळी फिरवून पाहिली, पालथी करून पाहिली, एकीच्या जागी दुसरी लावून पाहिली. दलालाचं मत पडलं की चूक आहे. "माणूस आहे, होतं," म्हणाला. मी पाटीवर लिहिलं: 'तिची चूक होत नाही.' त्यानं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. तो पुसायची काही गरज नव्हती.

मग तो सरस घेऊन आला. म्हणे थोडं चिकट लागलं की सगळं जुळतं, आपला धंद्यातला अनुभव आहे. मला नको म्हणायला हवं होतं, पण माझे दोन्ही हात फळीखाली होते. त्यानं शेपट्यांना सढळ हातानं सरस चोपडला, मी रेटलं, त्यानं रेटलं. फळी चार बोटं आत गेली आणि जी थांबली ती थांबली. आता ती पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. कमरेच्या उंचीवर खोलीत जीभ काढून उभी आहे. चार दिवसांत तीनदा माझं कंबरडं तिच्यावर आपटलं. आज बसवतही नाही.

चार दिवस मी विचार केला. तुझ्या हातून तीन फळ्या चुकून उलट्या होणार नाहीत. एक झाली असती तर मी मानलं असतं. एकाआड एक, नेमानं, अशी चूक कोणी करत नाही. म्हणजे हे मुद्दाम आहे. आणि मुद्दाम असेल तर तो निरोप आहे.

आणि मला तो कळला, खुंटे. तू गेलीस त्या दिवशी जिन्यात, हातात पिशवी, मागे वळून मला एकच वाक्य म्हणालीस: "ताई, तुला एकच बाजू दिसते." मी खूप बोलले होते, तू तेवढंच बोललीस. आणि आता बाबांचं टेबल कापून, तासून, इतका खर्च करून तेच वाक्य लाकडात कोरून पाठवलंस. तीन फळ्या माझ्या बाजूनं आणि तीन दुसऱ्या बाजूनं. वा. मी आयुष्यभर युक्तिवाद केले, पण ओझं करून हमालाकरवी पाठवलेला युक्तिवाद पहिल्यांदा पाहिला.

तर मग माझंही उत्तर घे.

होय, मला एकच बाजू दिसते. ज्याच्या छपरावर हातोडा पडतो त्याची. मी पुष्कळ वाचलं आहे, आणि जितकं वाचलं त्यात हेच सापडलं की ज्यांना दोन्ही बाजू दिसतात ते ऐन वेळी कुंपणावर बसलेले असतात, आणि कुंपण नेहमी दुसऱ्याच कोणाच्या तरी जमिनीवर घातलेलं असतं. सतरा माणसं हातानं लाकूड घडवत होती. त्या जागी आज पार्किंग आहे. एवढं बघायला दुसरी बाजू कशाला लागते? तुझी अडचण असेल, तुझी कारणं असतील. मी ती विचारली नाहीत, तू सांगितली नाहीस. पण कारण असणं आणि बरोबर असणं यांत फरक असतो. हे मी तेव्हा म्हटलं आणि आताही म्हणते.

आता हे लिहून मला बरं वाटायला हवं होतं. भाषण संपलं की वाटायचं तसं. वाटलं नाही. कागद समोर धरला आणि खोलीत कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी दगडही मारला नाही. मला काही कळेनासं झालं आहे. इतक्या वर्षांत मला काही कळलं नाही असं कधी झालं नव्हतं.

गाळ्यात तुम्ही दोघं काम करायचात आणि मी खुर्चीवर बसून मोठ्यानं वाचायची. अग्रलेख, चरित्रं, कधी एखादी रहस्यकथा. तेवढाच माझा त्या धंद्यातला वाटा. रंधा थांबला की मी थांबायची, कारण रंध्याच्या आवाजावर मला लय मिळायची. एकदा रहस्यकथेचं शेवटचं पान फाटलेलं निघालं, तेव्हा बाबा म्हणाले, "बोल तू काहीतरी, खुनी कोणीही चालेल." तू मान खाली घालून हसत होतीस. हे आत्ता का आठवलं, तेही कळत नाही.

निरोप पोचला, एवढंच लिहायचं होतं.

तुझी एकाच बाजूची,
भोंगा


२७ फेब्रुवारी

खुंटे,

तुझं दुसरं कार्ड. 'सरस नको. लागला असेल तर गरम पाण्याचा फडका ठेव. मागच्या बाजूनं हळू ठोक.'

तारीख पाहिली. माझं मागचं पत्र पोचायच्या आधी तू हे टाकलं आहेस. म्हणजे सरस लागणार हे तू आधीच धरून चालली होतीस. माझ्यावरचा तुझा हा विश्वास पाहून गहिवरून आलं.

आम्ही मांडणी भिंतीपासून ओढली, मी तिच्या मागे शिरले. टेलरकाकांनी इस्त्रीच्या टेबलावरचं गरम पाणी दिलं. फडका ठेवायचा, पिळायचा, पुन्हा ठेवायचा. बराच वेळ काही झालं नाही. मग सरसाचा तो जुना वास सुटला. दलालानं नाक मुरडलं. मी मात्र फडका नाकाशी धरून उभी राहिले. त्याला वाटलं मला चक्कर येते आहे. मग मी मागून बुक्की मारली, हळूच, आणि फळी सुटून त्याच्या पोटावर गेली. माझ्याकडून त्याला मिळालेली ही पहिली खरी शिक्षा.

पाणी प्यायला बसला तेव्हा तो म्हणाला, "ताई, तिनं सांगितलंच होतं मला, सरस नेऊ नका म्हणून. पण मला वाटलं थोडा चालेल."

मी पाटी उचलली: 'कोणी सांगितलं?'

त्यानं पेला खाली ठेवला. मग हळूहळू बाहेर आलं. तुझा त्याला फोन येतो. व्यवहार मिटल्यावरही येत राहिला. माझं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात त्यानं तुला कळवलं. मी वाचते का, जेवते का, खाली उतरते का, सगळं. ही मांडणी येणार हेही त्याला माहीत होतं. तो बत्त्याच्या आवाजानं खाली आलाच नव्हता. तू त्याला धाडलं होतंस.

मी त्याला बाहेर जायला सांगितलं. घंटी इतकी वाजवली की टेलरकाका वर आले. जाता जाता तो दारात थांबला. "तुमचा मुद्दा चूक होता असं मी तेव्हाही म्हटलं नाही, ताई," तो म्हणाला. "पण त्या सभेच्या खुर्च्या कोणी मांडल्या होत्या, आठवतं?"

आठवतं. तू मांडल्या होत्यास. प्रत्येक सभेला तूच मांडायचीस. त्या दिवशीही मांडल्यास, सही करून आली होतीस तरी. मग तिसऱ्या रांगेत बसून माझं सगळं भाषण ऐकलंस. आणि सभा संपल्यावर एकेक घडी करून खुर्च्या परत ठेवल्यास. मी तेव्हा पाहिलं होतं. त्याचा अर्थ काय होता ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही नीट कळत नाही. निषेध असता तर तू उठून गेली असतीस. पश्चात्ताप असता तर रडली असतीस. तू खुर्च्या मोजल्यास आणि दिवा मालवलास.

तर आता माझा प्रश्न बदलला आहे. दिलं की परत केलं, हा प्रश्न मी मागे घेते. नवा प्रश्न असा: तुला माहीत होतं, आणि माहीत असताना तू हे पाठवलंस, तर ही दया आहे का?

दया असेल तर स्पष्ट लिही, मी या फळ्या पुन्हा त्या चादरीत बांधते. दयेबद्दल माझी मतं तुला पाठ आहेत. ज्याचा हक्क नाकारता येत नाही त्याला दया दाखवून गप्प बसवतात, हे मी तुला पंचवीस वेळा तरी ऐकवलं असेल. मुक्या बहिणीला पुस्तकांची मांडणी, वेळ जायला. त्यानंतर काय, सुट्टीत येऊन माझ्या उशाशी बसणार? तशी येणार असशील तर येऊ नकोस. मी दार उघडणार नाही. आणि मला आतून 'कोण आहे' असंही विचारता येत नाही, तेव्हा तू उभी राहशील तशीच.

तुझ्यापासून काय लपवायचं होतं ते सांगते, म्हणजे एकदाच संपेल. आवाज गेला हे नव्हतं लपवायचं. पण या घरात तू काम करायचीस आणि मी बोलायची. तू तुझं काम सोबत घेऊन जिथं जाशील तिथं खुंटीच राहशील. भोंग्याचा आवाज गेला की उरतं काय? पत्र्याचा कर्णा. तो मला तुला दाखवायचा नव्हता.

फळ्या अजून तीनच बसलेल्या आहेत. मांडणी भिंतीपासून ओढली तशीच खोलीच्या मधोमध उभी आहे. तिला परत लावायची मला इच्छा नाही.

ताई


९ मार्च

खुंटे,

तुझं पत्र मिळालं. पत्रच म्हणते, कारण पाच ओळी आहेत, आणि तुझ्या मानानं तो ग्रंथ आहे. टेलरकाकांनाही दाखवला. पुन्हा उतरून काढते, म्हणजे पुढे कोणी नाही म्हणायला नको:

'दया कसली. अर्धी खोली माझी आहे. भिंतीला लावू नकोस, मधे ठेव. तीन फळ्या तुझ्या बाजूनं आत जातात, तीन माझ्या. खिडकी तुझी. शनिवारी येते.'

मी ते वाचलं आणि खोलीत वळून पाहिलं. मांडणी मधोमध उभीच होती. रागानं सोडून दिलेली, पण बरोबर जागेवर. पलीकडे दार, अलीकडे खिडकी. आणि मग मी कोपऱ्यात पडलेली ती निळ्या पट्ट्यांची चादर उचलली आणि उलगडली. तिच्या एका कडेला दोरी ओवायची शिवण आहे. आईनं घातलेली. आपण दोघी या खोलीत झोपायचो तेव्हा मधे ही टांगलेली असायची, कारण मला रात्री दिवा लावून वाचायचं असायचं आणि तुला पहाटे उठायचं असायचं. खिडकी कोणाची यावर मी तीन दिवस भाषण केलं होतं. तू म्हणालीस, "मला दार पुरे." चादर पहिल्याच दिवशी हातात होती आणि मी तिला पुडक्याचं कापड समजले. आणि फळ्यांत मात्र माझ्याविरुद्धचा अख्खा युक्तिवाद वाचून काढला! दलालाला हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला पुन्हा पाणी द्यावं लागलं. हसताना म्हणाला, "तिनं साधी भिंत पाठवली हो ताई, तुम्ही तिला अग्रलेख केलंत." त्याला मी माफ केलेलं नाही. पण तो आता चपला बाहेर काढून न विचारता आत येतो.

आता तुझ्या मागणीबद्दल.

मी दयेचे चार अर्थ आणि त्यांची चार उत्तरं तयार करून बसले होते. तू हक्क मांडलास. घर बाबांचं, वारस दोघी, खोली एक. तू सोडून गेलीस म्हणून हक्क बुडत नाही, हे मीच लोकांना जन्मभर सांगत आले, आणि तू तिसऱ्या रांगेत बसून ऐकत आलीस. त्यामुळे माझ्याकडे तुला नाही म्हणायला एकही वाक्य नाही. मागणी रास्त आहे. मान्य.

अटी मात्र आहेत. एक, गाळ्यांच्या बाबतीत मी चुकले असं मी लिहून देणार नाही, आणि तू चुकलीस असं मी लिहून मागणार नाही. त्यावर भांडण होईल तेव्हा पाटी मधल्या एखाद्या फळीवर ठेवायची आणि दोघींनी तिथंच लिहायचं. माझं अक्षर बारीक आहे, तेव्हा माझं लिहिणं जास्त मावेल, त्याची तक्रार चालणार नाही. बाकीच्या अटी आठवेनात.

खरं सांगायचं तर मला अजूनही कळत नाही, खुंटे. तू हक्क म्हणून येते आहेस की मला दया नको म्हणून तू तिला हक्क म्हटलंस? काल दिवसभर मी हेच उलटसुलट करत होते, त्या फळ्यांसारखं. मग ठरवलं की हे विचारायचं नाही. शनिवारी तू दारातून आत येशील, मी खिडकीपाशी असेन. आपण दोघी काही बोलणार नाही. तुझ्यासाठी ते नवीन नाही. मला सवय करावी लागेल. तू रंधा मारायला लागलीस तर मी काय करू? पुस्तक हातात घेऊन बसेन, पानं उलटेन. आवाज येणार नाही, पण रंधा थांबला की मी थांबले, एवढं तुला मांडणीच्या फटीतून दिसेल.

माझ्या बाजूच्या तीन फळ्यांवर पुस्तकं लावून झाली. वर्तुळावर सध्या पाण्याचा तांब्या आहे. मधल्या जागा रिकाम्या आहेत आणि त्यांतून मला इथं बसल्या बसल्या दार दिसतं. काल दलाल म्हणाला, राहिलेल्या तीन फळ्या आपण मागून लावून टाकू, तिला तयार मिळेल. मी हात आडवा केला. त्या तुझ्या बाजूनं आत जातात. दाराजवळ भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत, रुंद टोक खाली.

सरस लावलेला नाही.

भोंगा